अर्ध्या टक्क्याचं भय

मी हॉल प्रोब बोलतोय. पेनाएवढी दांडी आणि टोकाला तांदळाएवढी चकती. चुंबकाजवळ धरलं की त्याचं बळ किती, ते मी सांगतो.

चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली. तिथून मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत आलो. तिथं अणुगर्भातून सुटलेले कण मोठ्या चुंबकातून वळवतात. कण किती वळला आणि चुंबकाचं बळ किती, यावरून त्याचा संवेग, म्हणजे धावेचा जोर, काढतात.

एका दुपारी टेबल पुसताना तिथले जुने शिपाई मोतीरामकाका यांच्या हातून मी फरशीवर पडलो. त्यांनी चहूकडं पाहिलं, मला फुंकर मारली आणि गुपचूप जागेवर ठेवलं. वर साधा ओरखडाही नव्हता. पण त्या दिवसापासून मी बळ थोडं जास्त सांगू लागलो. मला कळत होतं, पण आकड्यांशिवाय मला भाषा नाही.

विशाखाताई तिथं पीएचडी करत होती. करमाडहून रोज बसनं यायची. ती मला फार विश्वासानं हातात घ्यायची, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची. तिचे जवळजवळ वर्षभराचे आकडे मी बिघडवले.

मग तिनं पडताळा घेतला. ज्या कणाचा संवेग आधीच पक्का माहीत आहे, तोच मोजला. अर्धा टक्का जास्त आला. तीनदा केलं, तेवढाच.

तिचे मार्गदर्शक अभयसर म्हणाले, "सरसकट अर्धा टक्का वजा कर. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय."

"सर, कारण न कळता कसा वजा करू? कमी बळाला चूक वेगळी असली तर?"

दाराशी उभे मोतीरामकाका पुढं आले.

"ताई, ह्यो माझ्या हातून पडला व्हता. नोकरी जाईल म्हून बोललो नाय."

मला वाटलं, संपलं. मी कचऱ्यात, काका घरी.

विशाखाताईचा चेहरा पांढरा पडला. तिनं विचारलं, "कधी पडला, आठवतं का काका?"

"बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

त्याआधीचे आकडे तिनं तसेच ठेवले. नंतरच्यांसाठी नव्या प्रोबशेजारी मला धरून, प्रत्येक बळाला मी किती चुकतो, त्याचा तक्ता केला. कमी बळाला चूक खरंच वेगळी निघाली. प्रबंध तीन महिने लांबला, पण खरा झाला. काकांची नोकरीही राहिली.

आता मी कपाटात आहे. गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय: 'जास्त सांगतो. तक्ता पाहूनच वापरा.' तिची शाई फिकी होत चाललीय. दार करकरलं की मी धसकतो. हात अनोळखी असतो, घाईत असतो. बाबांनो, मला उचलण्याआधी एवढी चिठ्ठी वाचा.