सतरा नंबरवर चाललं पाहिजे

मित्रांनो, विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत खिडकीजवळ फुरफुरत बसलेला जो संगणक दिसतो ना, तो मी. माझा नंबर सतरा. वय विचारू नका. पंखा सुरू झाला की ते सगळ्या खोलीला कळतं.

आम्ही तीस भावंडं एकाच दिवशी खोक्यांतून इथे आलो. तेव्हा काय रुबाब होता आमचा! जागा धरायला मुलं धावत यायची. पुढे एकेक भावंड भंगारात गेलं, नवे चपळ संगणक आले आणि मी एकटा उरलो. मुलं मला 'आजोबा' म्हणू लागली. कीबोर्डवर गुद्दे पडू लागले, एका बटणावरचं अक्षर तर पार पुसून गेलं. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला सांगू?

मग कपाटताई आली. वय पस्तिशीचं. दहा वर्षं दवाखान्यात रुग्णांच्या फायली सांभाळून ती शिकायला आली होती, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं. माहिती कशी रचायची आणि त्यातून हवं ते झटपट कसं शोधायचं, या विषयात ती एकदा नापास झाली होती. दवाखान्याने दिलेली रजा संपत आली होती. या खेपेलाही विषय राहिला, तर शिक्षण सोडून परत जावं लागणार होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाकीच्या जागा भरलेल्या, म्हणून ती नाइलाजाने माझ्यासमोर बसली. लाखभर रुग्णांच्या यादीतून दहा हजार क्रमांक शोधायचे होते. तिचा प्रोग्राम प्रत्येक क्रमांकासाठी पुन्हा पहिल्या नोंदीपासून सुरुवात करायचा. माझा जीव मेटाकुटीला आला. सहा मिनिटं झाली, तरी उत्तर नाही.

"हा मेला संगणकच रडका आहे," ती वैतागली.

प्रयोगशाळेचे मदतनीस काका शेजारचं टेबल पुसत होते. ते म्हणाले, "ताई, दवाखान्यात कुणी फाइल मागितली, की तुम्ही पहिल्या कपाटापासून शोधायचात का?"

"छे हो काका! मधलं कपाट उघडायचं. नंबर पुढचा असला, तर आधीच्या कपाटांकडे ढुंकूनही बघायचं नाही. उरलेल्यांतलं पुन्हा मधलं..." ती बोलता बोलता थांबली. "अगं बाई! मग याला कशाला पिदडतेय मी?"

तिने प्रोग्राम नव्याने लिहिला. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं. "शहाणा रे माझा," म्हणत तिने मला थोपटलं. किती वर्षांनी कुणी असा हात लावला होता!

परीक्षेत जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. तिच्या चिठ्ठीत सतरा निघाला. मुलं हळहळली, ती हसली. तिने प्रोग्राम लिहिला, चालवला. उत्तर झटकन आलं, पण चुकीचं! यादीत चक्क समोर दिसणारे क्रमांकही 'सापडला नाही' म्हणून येत होते. तिने पुन्हा चालवून पाहिलं, पुन्हा तेच. वीसच मिनिटं उरली होती. मला चूक ओरडून सांगावीशी वाटत होती, पण मी पडलो संगणक. सांगितलं तेवढंच करणार.

तिने यादी वरपासून खाली वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. सरावाच्या यादीत क्रमांक ओळीने होते. इथे ते वाटेल तसे पडले होते.

"रोज संध्याकाळी फायली मीच जागेवर लावायचे," ती पुटपुटली. "इथे कोण लावून ठेवणार होतं?"

तिने आधी यादी क्रमाने लावण्याचा भाग लिहिला. चार मिनिटं उरली असताना सगळी उत्तरं बरोबर आली. माझा पंखा तर आनंदाने थांबेचना!

निकालात ती पास झाली. पेढे तिने वाटले असतील-नसतील, पण आधी ती धावत प्रयोगशाळेत आली. माझ्यावर त्याच दिवशी 'भंगार' अशी चिठ्ठी लागली होती.

हा विषय शिकवणाऱ्या मॅडम तिथेच होत्या. ती त्यांना म्हणाली, "सरावातली माझी चूक नव्या संगणकांच्या वेगात झाकली गेली असती हो. याने दाखवून दिली."

मॅडमनी चिठ्ठी काढून टाकली. आता दर वर्षी नव्या मुलांचा पहिला प्रोग्राम माझ्यावर चालतो. सतरावर चाललं, की कुठेही चालतं म्हणे!

मित्रांनो, काम अडलं की लगेच गुद्दा मारू नका. आपण काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा. आणि जुन्या वस्तूला टाकण्याआधी तिला अजून काय जमतं, तेही बघा. त्या दिवशी जाताना ताईने माझ्या पुसलेल्या बटणावर पक्क्या शाईने अक्षर काढलं, फायलीवर काढतात तसं ठसठशीत. अजून पुसलेलं नाही ते.