कडू कांदाचं गाणं

"सरक गं जराशी. तुझ्या अंबाड्यातून का मी टीव्ही बघू?" रामी पुटपुटली आणि पुढे बसलेल्या गोदीच्या पाठीला तिने गुडघा लावला.

"इथं पाठ बघ माझी. तोंड तिथं दिसंलच," गोदी म्हणाली. मांडीवरचं पोर तिने या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं आणि होती तिथेच बसून राहिली.

एरवी योगिताला हसू आलं असतं. ती त्या दोघींच्या मागेच भिंतीला टेकून बसली होती आणि आता लाईट जावी म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होती. पोशेऱ्याच्या शाळेत महिन्यातले पंधरा दिवस लाईट नसायची. आज नेमकी होती.

पाड्यावरच्या पंधराएक बाया त्या एका खोलीत मावल्या होत्या. रविवारचं काम सोडून, धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आल्या होत्या. शाळेच्या गुरुजींनी मोखाड्याहून स्वतःचा टीव्ही आणि सीडी प्लेयर जीपमध्ये मांडीवर घेऊन आणला होता. कारण योगिताच्या कॉलेजने केलेल्या गाण्याच्या व्हिडिओला स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. बक्षिसाची बातमी योगिताने घरी कळवलीच नव्हती. गुरुजींनी पेपरात वाचली आणि परस्पर सीडी मागवून घेतली. काल जव्हारच्या वसतिगृहातून ती घरी आली, तर अख्ख्या पाड्याला सगळं ठाऊक. पोटात दुखतंय म्हणून तिने सांगून पाहिलं. तिची आई सखी म्हणाली, "टीव्ही बघून राहील दुखायचं."

खोलीत योगिताला एकटीलाच माहीत होतं, आता काय दिसणार आणि काय ऐकू येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी बारावीच्या वर्गात या स्पर्धेचं ठरत होतं. आपल्या भागातलं गाणं घ्यायचं आणि मुलांनीच त्याचा व्हिडिओ करायचा. दीड वर्षं हजेरीशिवाय तोंड न उघडलेली योगिता तेव्हा बोलून गेली, "आमच्या पाड्यावर बाया फेर धरून गातात." सगळी पोरं तिच्याकडे वळली. कमलेशसुद्धा. कमलेशचे वडील जव्हारला मास्तर आणि मामाकडे व्हिडिओ कॅमेरा, त्यामुळे दिग्दर्शक तोच होता. कुणीतरी आपल्याकडे असं वळून बघितलेलं योगिताला फार आवडलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

शूटिंगची रीत कमलेशने कुठेतरी वाचली होती. आधी गाणं टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचं. मग ते वाजवत ठेवायचं आणि बायांनी त्यावर नाचायचं, म्हणजे कॅमेरा कुठूनही धरला तरी गाणं एकच राहतं. सुट्टीत सगळे पाड्यावर आले आणि म्हाताऱ्या धोंडीबाईने गाणं उचललं. पाड्यावर कुठलंही गाणं तिच्याशिवाय उचललं जात नसे. तोंडात दात मोजके, पण तिचा आवाज डोंगरापलीकडे ऐकू जाई.

*कडू कांद बाय कडू कांद,*
*राखंत उकडला, नदीत निजवला,*
*सकाळी उठून गोड झाला बाय…*

पाड्यावर तेव्हा लाईट नव्हती, म्हणून टेप सेलवर. सेल जुने, दुपारभर उन्हात तापवून परत घातलेले. दोन-तीनदा वाजवल्यावर गाणं रेंगाळायला लागलं. बायांचे आवाज जाड झाले, शब्द ओघळायला लागले. कमलेशच्या ते लक्षातच आलं नाही. बायांच्या मात्र आलं. "आपण दमलो वाटतं गं टेपात," धोंडीबाई म्हणाली, आणि तिने पाय सावकाश टाकायला सुरुवात केली. तिच्यामागे सगळ्यांनी. गाणं जसं थकेल तसा फेरही थकत गेला, आणि कुणाचा पाय एकदाही चुकला नाही.

पुढचं जव्हारला झालं, बस स्टँडमागच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या दुकानात. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता आणि दोन मोठे स्पीकर. इथे टेप सेलवर नाही, लाईटवर चालली, आणि त्या स्पीकरमधून धोंडीबाईचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. दुकानात लग्नाचा अल्बम न्यायला आलेलं एक जोडपं होतं. ती बाई मान वर करून ऐकायला लागली.

"नदीत निजवला म्हणजे?" कमलेशने विचारलं.

"रानात खणून काढलेले कांद कडू असतात ना. काप करून राख लावून उकडतात, मग टोपलीत घालून रातभर वाहत्या पाण्यात ठेवतात. कडूपणा जातो."

"तुम्ही खाता ते?"

कमलेशच्या प्रश्नात खवचटपणा नव्हता. नुसतं नवल होतं, आणि तेच योगिताला झोंबलं. अल्बमवाली बाई तिच्याकडेच बघत होती.

"पूर्वी खायचे," योगिता म्हणाली. पूर्वी म्हणजे गेल्या श्रावणात. घरातलं धान्य संपलं होतं आणि मजुरी लागत नव्हती तेव्हा. तिच्याच हाताने तिने नदीतून टोपली उचलून आणली होती.

शूटिंगवाला पडद्याकडे बघत म्हणाला, "पाय काही गाण्याशी जुळत नाहीत. पण गाण्याचा स्पीड खाली घेतला तर जुळतील. अर्ध्या तासाचं काम. देऊ करून?"

"द्या ना," कमलेश म्हणाला.

"नको," योगिता म्हणाली. "सेल उतरले होते, आवाज खराबच आलाय. दुसरं कायतरी लावा."

"दुसरं म्हणजे?"

"कुठलंही. जोरात वाजणारं."

कमलेशने तिच्याकडे पाहिलं. गाणं तिच्या पाड्याचं, म्हणून त्याने मान डोलावली. शूटिंगवाल्याने वरातीचं एक गाणं लावलं आणि कुणी सांगितलं नसताना पडद्यावर वरून गुलाबही पाडले.

तेच गुलाब आता शाळेतल्या टीव्हीवर पडत होते. मग ढोल सुरू झाला आणि फेर दिसला. जवळून धोंडीबाईचा चेहरा आला. तिचं तोंड उघडत मिटत होतं आणि आतून कुणा बाप्याचं "होय रे होय रे" बाहेर पडत होतं. ढोल धावत होता आणि बाया त्याच्यामागून चिखलातून चालल्यासारख्या पावलं टाकत होत्या. इतक्या वर्षांत ज्यांचा पाय चुकला नाही, त्या सगळ्या पडद्यावर चुकत होत्या.

गुरुजी सुरुवातीला टाळ्या वाजवत होते. मग त्यांचे हात मांडीवर आले.

साडेतीन मिनिटं. योगिताने जमिनीवरच्या फरशा मोजल्या. मग पडदा निळा झाला.

"लुगड्याचा रंग मस्त आला," गोदी म्हणाली.

"गुलाब कुठनं पडले म्हणायचे?" आणखी कुणीतरी. "नि बक्षीस मिळालं ना? मंग झालं तं."

गाण्याचं कुणीच विचारेना. विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण उत्तर योगिताने केव्हाच तयार ठेवलं होतं. गुरुजींनीच हळूच विचारलं, "योगिता, आवाज आपल्या बायांचा नाही आला का गं?"

"सेल उतरले होते, गुरुजी. खराब आला."

सुटलो, असं तिला वाटलं, तेवढ्यात रामी म्हणाली, "सेलाचं नाय. मधी मी खोकलले. मला तवाच वाटलं, खोकल्यानं गाणं नासलं."

"तुझा खोकला कोण ऐकतंय? माझं पोर केवढ्यांदा रडलं," गोदी म्हणाली.

"नाय गं. पोराचं काय," धोंडीबाई बोलली. ती टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती, पडदा निळा झाला तरी तिथेच बघत. "माझा गळाच फाटला आता. घरात आपल्याला कळत नाय. मशिनीला कळतं. पोरीनं बरं केलं, नायतर जव्हारात लोक हसले असते." तिने पदर सावरला. "आता फेराला दुसरी कुणी उचला गाणं. सखे, तू उचल. मी मागं म्हणीन."

"मावशी, असं काय बोलते?" सखी म्हणाली.

"खरं तेच बोलते. ऐकलं ना, मशिनीनं घेतला पण नाय माझा आवाज."

रामीने धोंडीबाईच्या पाठीवर हात ठेवला. सखीने मात्र मागे वळून लेकीकडे पाहिलं. योगिताचा चेहरा लहानपणापासून तिला वाचता येत होता, आणि आता तिने तो वाचला. मग तिनेच नजर काढून घेतली. जणू लाज तिची होती.

योगिता उठून उभी राहिली.

"आजी, तुझा आवाज चांगला आलावता," ती म्हणाली. "तो माणूस गाणं जुळवून देत होता. मीच नको म्हणाले. आपण कडू कांद खातो ते कॉलेजातल्या पोरांना कळंल, म्हणून मला तुमची लाज वाटली."