भूलवाल्या बाईंची तोंडी परीक्षा

मास्तरांनी अंडी उकडायचा टायमर पिळून दोन मिनिटांवर आणला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि चिठ्ठी डॉक्टरबाईंपुढे सरकवली.

“विसरता न येणारी व्यक्ती. न थांबता बोलायचं, इंग्रजीत. मी मध्ये तोंड उघडणार नाही.”

हे शेवटचं वाक्य मास्तर रोज म्हणत आणि रोज मोडत. आज मात्र डॉक्टरबाई बोलायला लागल्या आणि ते खरंच गप्प बसले. एक पोस्टमन होते, निवृत्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. खुब्याच्या ऑपरेशनला आले होते. भूल देताना दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितलं, तर गृहस्थ टपाल वाटायच्या आपल्या जुन्या बिटातली घरं ओळीने म्हणू लागले, कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून. डॉक्टरबाईंचा आवाज मऊ, खालच्या पट्टीतला, एका लयीत चाललेला. वाक्य संपता संपता तो आणखी खाली उतरे आणि शेवटचा शब्द जेमतेम ऐकू येई. नीट ऐकता यावं म्हणून मास्तरांनी डोळे मिटले.

टायमर घणघणला तसे ते ताठ बसले.

“उत्तम! पुरी दोन मिनिटं! फक्त वाक्प्रचार कमी पडले. परीक्षक वाक्प्रचारांना भुलतात. उद्या माझ्या वहीतले पंचवीस पाठ करून या.”

डॉक्टरबाई हसल्या आणि पर्स उचलली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. चारला सुरू झालेला तास कसा भुर्रकन उडून गेला, याचं मास्तरांना मोठं कौतुक वाटलं. शिकवणं रंगलं की असंच होतं, हे त्यांनी बायकोला त्या दिवशीही सांगितलं. तिने “हो का?” म्हटलं आणि कप उचलून आत नेले.

मास्तर म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. निवृत्त झाली ती नोकरी. तोंडाचा पट्टा तसाच चालू होता. भाजीवाल्याच्या पाटीवरची स्पेलिंगं ते सुधारून देत. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी चार चुका काढल्या होत्या, आणि त्याही पत्रिका वाटून झाल्यावर. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं चुकलेलं ऐकलं की सुधारल्याशिवाय त्यांना राहवत नसे, एवढंच. निवृत्तीपासून झोप मात्र त्यांच्यावर रुसली होती. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, पायाला तेल झालं. डोळ्याला डोळा लागेल तर शपथ.

डॉक्टरबाई जवळच्या मोठ्या इस्पितळात भूल देत. चौतीस-पस्तीसचं वय, बोलणं नेमकं आणि कमी. त्यांना दूरच्या एका विद्यापीठात पीएचडी करायची होती. म्हातारी माणसं भुलेतून उठली की काहींची आठवण विस्कटते, ती का आणि कशी, हा त्यांचा विषय. तिथल्या प्राध्यापकांनी जागा राखून ठेवली होती. घोडं अडलं होतं ते इंग्रजीच्या परीक्षेपाशी. वाचन, लेखन, ऐकणं यांत बाईंना नऊपैकी आठ-साडेआठ. बोलण्यात मात्र दोन्ही वेळा साडेसहा. विद्यापीठाला हवे होते सात, एका दाण्याने कमी नाही. तिसरी परीक्षा अठरा तारखेला होती आणि अर्जाची मुदत महिनाअखेर. या वेळी हुकलं तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

“गंमत बघा सर,” त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, “माझे पेशंट दहापासून उलटे मोजतात. सातच्या पुढे कुणी जात नाही. आणि मी सातापर्यंत पोचत नाहीये.”

मास्तर मनापासून हसले होते. मग त्यांनी विचारलं होतं, “मागच्या वेळी नेमकं काय झालं?”

“मी बोलत होते. परीक्षक तीनदा पुढे वाकले आणि ‘सॉरी?’ म्हणाले.”

“शब्दसंपत्ती!” मास्तरांनी तिथल्या तिथे निदान केलं आणि वही काढली.

तर असे तास चालले होते. पहिली वीस मिनिटं मास्तर बोलत, कारण नमनाला घडाभर तेल जाळल्याशिवाय त्यांना सुरुवात झाल्यासारखं वाटत नसे. मग टायमर, मग डॉक्टरबाई, मग मिटलेले डोळे, मग घणघण. दिवसेंदिवस मास्तर टवटवीत दिसू लागले. शेजाऱ्यांनीही विचारलं, काय मास्तर, नवीन औषध सुरू केलंत वाटतं? मास्तर म्हणाले, विद्यादान.

एक गोष्ट त्यांना खटकली, पण खटकली आणि विसरली. पहिल्या आठवड्यात बायको चहा ठेवताना म्हणे, “डॉक्टर, साखर चालते ना तुम्हाला?” दुसऱ्या आठवड्यात एक दिवस कप ठेवून ती म्हणाली, “तुझ्यात अर्धाच चमचा घातलाय गं.”

डॉक्टरबाई गेल्यावर मास्तरांनी हटकलं. “एवढ्या शिकलेल्या बाई, आणि तुझं आपलं अगं-तुगं? ओळख ना पाळख!”

“चुकलंच,” बायको म्हणाली आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेली.

बायको मुळातच अबोल, असं मास्तर सगळ्यांना सांगत. तीसेक वर्षं ती एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर हॅलो हॅलो करून दमायची बिचारी, घरी काय बोलणार? तिच्या कामातल्या इंग्रजीला मास्तर ‘होल्ड-ऑन छाप’ म्हणत. चारचौघांत म्हणत, आणि ती हसून घेई.

अठरा तारीख आली आणि गेली. मास्तरांनी त्या दिवशी तीन वेळा फोनची तार भिंतीत नीट बसली आहे का ते पाहिलं. निकाल लागायला आठवडा होता. त्या आठवड्यात त्यांची झोप पुन्हा पार उडाली आणि चिडचिड इतकी वाढली की बायको म्हणाली, “परीक्षा तिची होती का तुमची?”

सव्वीस तारखेला दुपारी डॉक्टरबाई स्वतःच आल्या. दारातच त्यांचा चेहरा असा उजळलेला की विचारायची सोयच नव्हती. तरी मास्तरांनी विचारलं.

“साडेसात!” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सर, बोलण्यात साडेसात! अर्ज सकाळीच पाठवला. प्राध्यापकांचं उत्तरही आलं, सप्टेंबरात या म्हणून.”

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला ते मोठ्याने बोलू लागले. बघितलंत? वाक्प्रचार! कोणता वापरलात? विषय काय आला होता?

“विषय होता, तुम्हाला काही शिकवणारी व्यक्ती.”

“अरे वा!” मास्तरांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि नेमकं त्याच वेळी तिला पदराचं टोक नीट करायचं सुचलं. “मग? काय सांगितलंत?”

डॉक्टरबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “काकूंबद्दल सांगितलं, सर.”

“हिच्याबद्दल?” मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “ही काय शिकवणार तुम्हाला? चहा?”

“अहो, तुम्ही झोपायचात,” बायको म्हणाली.

“मी? मी डोळे मिटून ऐकत होतो!”

“सर,” डॉक्टरबाईंच्या ओठांवर हसू होतं, पण प्रश्न साधा होता, “त्या पोस्टमनचं पुढे काय झालं?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. शिंपी आठवला. शिंप्याशेजारचं कुलूप लावलेलं घर आठवलं. पुढे सगळं पांढरंशुभ्र.

“बरे झाले,” ते म्हणाले. “चालत घरी गेले.”

“चालू लागले, पण घरी नाही गेले,” बायको म्हणाली. “पाय बरा झाला. पण बायकोला ओळखेनात. सहा आठवडे इस्पितळात पडून तिला म्हणत होते, बाई, तुमचं पत्र नाही आलं अजून, उद्या या. ती रोज यायची. म्हणून तर ही पीएचडी करत्येय.”

मास्तरांनी टेबलावरचा टायमर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच आठवड्यात बाई बोलायला लागल्या आणि मिनिटभरात मास्तर घोरू लागले. बाईंना काय करावं कळेना. बायको आतून आली, टायमर बंद केला आणि बाईंना खुणेने गॅलरीत नेलं. दार ओढून घेतलं आणि विचारलं, तुझा आवाज वाक्याच्या शेवटी खाली का जातो? बाई म्हणाल्या, सवय झालीय काकू, पेशंटला शांत करायला आम्ही तसंच बोलतो. बायको म्हणाली, पेशंट झोपतो ते ठीक, परीक्षक झोपून कसं चालेल? आमच्या एक्स्चेंजला पहिल्या दिवशी शिकवायचे, की समोरच्याला तू दिसत नाहीस, तेव्हा शेवटचा शब्द उचलून धर, नाहीतर तो सॉरी, सॉरी करत बसेल. मग रोज दोघी गॅलरीच्या दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि इंग्रजीत गप्पा मारायच्या. इस्पितळातलं, एक्स्चेंजमधलं, सासरमाहेरचं, सगळं. पाच वाजत आले की बायको आत येऊन टायमर पुन्हा पिळून ठेवायची.

“अगं पण मला उठवायचं होतंस!” मास्तरांच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या.

“तुम्हाला इतकं गाढ झोपलेलं किती वर्षांनी बघत होते,” बायको म्हणाली. थोडं थांबून तिने पुढचंही सांगून टाकलं. “आणि उठवलं असतं तर तुम्ही बोलला असतात.”

डॉक्टरबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही, आणि मग तिघंही हसत सुटले. मास्तर सगळ्यांत उशिरा हसू लागले आणि सगळ्यांत उशिरा थांबले.

पण ते हसणं संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. रात्रीच्या जेवणात त्यांनी आमटीला नावं ठेवली नाहीत, बातम्या देणाऱ्या मुलीचं व्याकरण काढलं नाही. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. दोन दिवस ते असेच हिंडले. तिला बोलायला आवडतं, हे पस्तीस वर्षांच्या संसारात आपल्याला कसं कळलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कसं सांगायचं ते वहीतल्या कुठल्याच वाक्प्रचारात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. डॉक्टरबाईंच्या इस्पितळातले एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनाही पीएचडी करायची होती, त्यांचेही बोलण्यात साडेसहाच होते. क्लास घेता का, असं ते विचारत होते.

“घेतो म्हणजे,” मास्तर म्हणाले आणि घसा खाकरला. सवयीने पुढचं भाषण ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. “क्लास माझी मिसेस घेते. मी? मी असतो ना तिथेच. बहुतेक झोपलेला. थांबा, तिलाच देतो.”

बायको हात पुसत आली. रिसीव्हर घेण्याआधी तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, थट्टा आहे का ते बघायला. थट्टा नव्हती. मग ती इंग्रजीत बोलू लागली. हिचं इंग्रजी आपण कधी ऐकलंच नव्हतं, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. स्वच्छ, मोकळं, न अडखळता चाललं होतं. वेळ ठरवली, पत्ता सांगितला, मध्येच काहीतरी विनोदही केला, कारण पलीकडून हसल्याचा आवाज आला. एका ठिकाणी नामाआधीचा तिचा एक ‘द’ राहून गेला.

ती चूक मास्तरांनी ऐकली. खुर्ची जवळ ओढून ते बसले आणि पुढचं ऐकू लागले.