नमुन्याबरहुकूम

बारा वाट्यांपैकी पाच वाट्यांवर एकच शब्द होता, आणि त्या पाचही वाट्यांच्या बुडाला चार-चार ठिपके होते.

कुंडलिकने वाट्या ओट्यावर पालथ्या मांडल्या आणि ठिपके पुन्हा मोजले. एक, दोन, तीन. मग चार ठिपक्यांच्या पाच वाट्या. मग सहा, सात, दहा आणि बारा. पाच, आठ, नऊ आणि अकरा ठिपक्यांची वाटी ओट्यावर नव्हती, मांडणीत नव्हती, देवघराखालच्या पत्र्याच्या डब्यातही नव्हती. त्याने पाचांपैकी एक वाटी सुलट करून काठाजवळचा शब्द वाचला. इंग्रजी अक्षरांत 'टोमॅटो'. दुसरी उचलली. टोमॅटो.

"चोर आला व्हता का वाट्या न्यायला?" अंजना दारात उभी होती. एक हात चौकटीला, एक गुडघ्यावर.

"आपल्या इंग्रजी नावाच्या वाट्या किती?"

"बारा. मोजा की. इंग्लंडातनं आणल्यावानी जपता, अन् किती ते मलाच इचारता."

"बाराच आहेत."

"मग?"

कुंडलिक माळ्याकडे वळला. मंचरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे परिचर म्हणून काढल्यावर त्याला एक सवय लागली होती. मोजमाप पूर्ण झाल्याशिवाय तो बोलत नसे. कॉलेजने बाद केलेला एक तराजू त्याने निवृत्तीच्या वेळी मागून घेतला होता. तो त्याने माळ्यावरून काढला, पुसला, आणि वाट्या एकेक करून तोलल्या. आठ वाट्या एकाहत्तर ते बाहत्तर ग्रॅमच्या होत्या. चार वाट्या त्रेसष्ट ते चौसष्टच्या. हलक्या चारही वाट्यांवर टोमॅटो होता, आणि त्यांच्या अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. जुन्या टोमॅटोच्या कडा घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

गुरुवारी त्याचा मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला होता. त्याला त्याचे फारसे वाईट वाटले नव्हते. मोबाइल बुडाला तरी काही बिघडत नाही, असे त्याने शिकलेल्या धड्यांत पहिल्याच दिवशी सांगितले होते.

धडे त्याने अडीच वर्षांपूर्वी घेतले होते. निवृत्तीचे पैसे आले, त्यातले घराच्या पत्र्यात आणि मुलीच्या, स्नेहलच्या लग्नात गेले, आणि उरले ते अंजनाच्या एका गुडघ्यापुरते. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. एका गुडघ्याचे अडीच लाख. बँकेच्या व्याजाने अडीचाचे पाच व्हायला किती वर्षे लागतील, हे त्याने वहीच्या मागच्या पानावर काढले. उत्तर अकरा आले. अकरा वर्षांनी अंजना एकाहत्तरची होणार होती.

म्हणून तो दर रविवारी एक व्हिडिओ बघून बिटकॉइनची टिपणे काढू लागला. दुप्पट करून देतो म्हणणारा प्रत्येक माणूस त्याने टिपणांच्या पहिल्या पानावरच वगळला. कुठल्या गटात गेला नाही, कुणाला फोनवर आकडा सांगितला नाही. पहिल्यांदा पाचशे रुपयांचे घेतले, मोबाइलमधल्या एका पाकिटातून दुसऱ्यात पाठवले, परत आणले. शंभर रुपयांहून जास्त त्या येण्याजाण्यात गेले, तेही त्याने लिहून ठेवले. चार महिने असे केल्यावर अडीच लाख लावले. अंजनाला सांगितले, बँकेत मुदतीने ठेवलेत, दोन वर्षांनी दोन्ही गुडघे.

पाकीट उघडताना मोबाइलने बारा इंग्रजी शब्द दाखवले होते. हे शब्द या क्रमाने ज्याच्याकडे, पैसे त्याचे. मोबाइल गेला तरी शब्दांवरून पाकीट पुन्हा उघडता येते; शब्द गेले तर जगातले कुठलेही ऑफिस ते उघडून देत नाही. शब्दांचा फोटो काढू नये. कागद जळतो, भिजतो, म्हणून स्टीलवर कोरून घ्यावेत. आणि कुणालाही, अगदी घरच्यांनाही, सांगू नये.

स्टीलवर कोरून काय घेतात, हे त्याच्या गावात, अवसरीत, कुणाला विचारायची गरज नव्हती. कुंडलिकने एकसारख्या बारा वाट्या घेतल्या आणि मंचरच्या पेठेत भांड्यांवर नावे घालणाऱ्या कुशाबाकडून एका वाटीवर एक याप्रमाणे बारा शब्द कोरून आणले. क्रम कुशाबालाही कळू नये म्हणून बुडाचे ठिपके घरी येऊन स्वतः खिळ्याने मारले. मग मोबाइलमधले पाकीट पुसून टाकले आणि वाट्या बघून पुन्हा उघडले. उघडले. तेव्हा कुठे त्याने कागद गॅसवर धरला. वाट्या मांडणीत इतर वाट्यांशेजारी ठेवल्या. नाव घातलेले भांडे कुणी चोरत नाही आणि कुठे गेले तरी घरी परत येते, हे त्याने जन्मभर पाहिले होते.

"ह्या वाट्या कुणाला दिल्या होत्या का?" त्याने तराजू झाकत विचारले.

"द्यायच्या न्हाईत का? भांडी लोणच्याला घालायचीत?" अंजना स्टुलावर टेकली. "ठकूनं नेल्या व्हत्या, भागूच्या तेराव्याला. जेवनं लई झाली, तिच्याकडं कुठल्या एवढ्या वाट्या. पण बारा नेल्या, बारा आणून दिल्या. आरशावानी घासून."

"तू बघून घेतल्या?"

"मोजून घेतल्या. वरचं नाव बगितलं. इंग्रजी व्हतं. आजून काय बगायचं आसतं?"

भागू गेल्याला सात महिने झाले होते. ठकूबाई त्याची बायको. आता दुसऱ्याच्या रानात रोजाने जाई. कुंडलिकने एवढ्यावर तिच्या दारात जाणे टाळले. तराजूने वाट्या वेगळ्या आहेत एवढेच सांगितले होते, कुणी बदलल्या ते सांगितले नव्हते. तो दुपारच्या एसटीने मंचरला गेला.

कुशाबा मशीनची सुई बदलत होता. त्याने चष्म्यावरून पाहिले.

"या सर! आज काय, वांगं का भेंडी?"

"म्हणजे?"

"आवो, मागल्या टायमाला बारा वाट्यांवर बारा तऱ्हा काढून नेल्या. मी घरी सांगितलं, सर म्हातारपनी बालवाडी काढत्यात. मग तुमची मानसं आली, टोमॅटोच्या चार काढून घेऊन गेली."

"कोण आलं होतं?"

"तुमच्या अवसरीचीच बाई. म्हनलं सरांच्या घरचीच कुनी." कुशाबाने सुई घट्ट केली. "एक वाटी आणली व्हती नमुन्याला. चार नव्या माझ्याकडच्याच घेतल्या. जरा पातळ व्हत्या, तसं मी सांगितलं तिला, फसवलं न्हाई. म्हनलं बाई, ह्यावर टोमॅटो लिवलंय. तर म्हनती, आवंदा भाव पडला म्हनून वाटीवर चढवला आसंल. तुमी हाय तसं काढा."

"आणि बुडाचे ठिपके?"

"तेबी चार व्हते. चारीला चार-चार मारले." त्याच्या आवाजात कारागिराचे समाधान होते. "नमुन्याबरहुकूम. तुमी शेजारी ठेवल्या तर वळखू येतात का सांगा."

"नाही," कुंडलिक म्हणाला. "चांगलं काम आहे."

ठकूबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कुंडलिकला बघून तिने पदर सारखा केला आणि सूप बाजूला सारले. तो पायरीवर बसला. पोत्यावर पसरलेल्या शेंगांमधून त्याने एक उचलली, फोडली नाही.

"वैनी, एक विचारायचं होतं. वाट्यांचं."

तिचा हात सुपावर थांबला. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. तो पुढे गेल्यावर तिने विचारले.

"अंजनाला कळलं का?"

"तिला काही माहीत नाही."

"मग तिला सांगू नका, भाऊ." ती खाली बघून बोलत होती. "तेराव्याची भांडी आमची हर्षाली कालव्यावर धूत व्हती. पोरगी बापाच्या दुःखात. त्यात डिंभ्याच्या धरणाचं पानी सुटलेलं, कालवा भरून चाललेला. पाटी कलंडली. हात घालून घालून बाकीचं काढलं, चार वाट्या गेल्या. ती रडाय लागली. मी म्हनलं, गप, आपुन आणून देऊ. मानूस गेला म्हनून काय लोकांच्या भांड्याला आपुन बुडवायचं?"

"आणि मग मंचरला गेलात."

"दोन दिसाचा रोज गेला. जाऊ दे. पर नुसत्या वाट्या कशा द्यायच्या? तुमचं नाव नको त्यावर? म्हनून एक वाटी संगं नेली. त्याला म्हनलं, अक्षराला अक्षर लाव, खाली ठिपका आसंल तर ठिपका लाव. त्यांच्या घरची वाटी त्यांच्या घरचीच दिसली पायजे."

ती थांबली. मग तिने पहिल्यांदा वर पाहिले.

"का वो भाऊ? काय चुकलं का त्यात?"

कुंडलिकने हातातली शेंग पोत्यावर परत ठेवली.

"नाही वैनी. बारा नेल्या होत्या, बारा आल्या."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि तिने सूप पुढे ओढले. "शेंगा न्या थोड्या. अंजनाला आवडत्यात."

तो शेंगा घेऊन कालव्यावरून घरी गेला. पाण्याचे आवर्तन बंद होते. तळाशी वाळलेल्या गाळाच्या खपल्या होत्या, आणि पुलाजवळ मशीनने काढलेल्या गाळाचा ढीग होता, त्यावर गवत उगवलेले. सात महिन्यांत इथून किती पाणी गेले असेल याचा हिशेब त्याला करता आला असता. त्याने दुसरा हिशेब केला. प्रत्येक वाटीवर पाकिटाच्या ठरलेल्या यादीतल्या दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांपैकी कुठलाही एक असू शकतो. एक वाटी हरवली असती, तर रोज शंभर शब्द घालून बघत तीन आठवड्यांत पाकीट उघडले असते. त्याने तेवढा वेळ आनंदाने दिला असता. चार वाट्यांच्या जागा माहीत असूनही शक्यता साडेसतरा लाख कोटी होतात. मिनिटाला एक बघितली, तरी सुमारे तीन कोटी चौतीस लाख वर्षे.

शब्द आठवण्याचाही त्याने प्रयत्न केला. एक नक्की भांड्याचे नाव होते, असे वाटले. की पक्ष्याचे. शब्द कोरून आणल्यावर ते लक्षात ठेवायचे कारण उरले नव्हते.

पैसे दिसत होते. पाकिटाचा पत्ता त्याच्या वहीत होता, आणि तो नव्या मोबाइलमध्ये टाकला की कुणालाही आकडा बघता येई. दोन वर्षांत भाव वाढला होता. आजच्या भावाने ते पाच लाख बारा हजार होते. दोन्ही गुडघे झाले असते, वर बारा हजार गाडीभाड्याला. आकडा कुणी नेला नव्हता, कुणी फसवले नव्हते. तो तिथेच राहणार होता, आणि रोज थोडा बदलणार होता.

अंजना शेंगा बघून हसली. "ठकूनं दिल्या? बगा, तिचंच काय न्हाई अन् देती." तिने एक शेंग फोडून तोंडात टाकली. "अहो, पुण्याचा फोन आला व्हता. सोमवारी पैसं भरायचेत. मुदत संपली न्हवं?"

कुंडलिक तिच्यासमोर बसला. त्याने तिला सगळे सांगितले, जसे घडले त्या क्रमाने, एकही पायरी न गाळता. वाट्या अजून ओट्यावर पालथ्या होत्या. बोलताना तो एकेक उचलून दाखवत होता. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने विचारले, "बँकेत न्हवतेच?" आणि त्याने "नाही" म्हटल्यावर पुढचे ऐकले. बोलणे संपल्यावर ती बराच वेळ टरफले गोळा करत होती.

"ठकूला ह्यातलं काय ठावं हाय का?"

"नाही."

"मग सांगू नका. ती मरंल."

ओट्याला धरून ती दोन दमांत उठली. तिने वाट्या सुलट केल्या, एकात एक घातल्या आणि मांडणीत ठेवून दिल्या. तिला कुठली कितवी ते माहीत नव्हते, आणि आता त्याने फरकही पडत नव्हता.

सोमवारच्या आधी कुंडलिकने वही उघडली. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी, तो फसला असला तरी, कारण लिहायचे असते. त्याने तारीख घातली आणि खाली लिहिले:

'चार वाट्या कालव्यात वाहून गेल्या. ठकूबाईने त्या स्वतःच्या पैशाने भरून दिल्या आणि उरलेल्यांतली एक नमुना म्हणून नेली, कारण एका घरच्या वाट्यांवर एकच नाव असते. आमच्या वाट्यांवर बारा वेगळे शब्द आहेत, हे मी कुणालाही सांगितले नव्हते.'