प्रत्यक्षात एक

कंपनीने टेस्टिंगसाठी माझं घर निवडलं, कारण माझ्याकडे कोणी येत नाही. टीम लीड शेफालीने हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं आणि फळ्यावर माझ्या नावापुढे ‘आदर्श वातावरण’ असं लिहिलं. नोकरीत मला मिळालेला हा पहिलाच शेरा.

काम सोपं होतं. दारावर चोरांसाठीचा अलार्म, आत दिवे-पंखे चालवणारा एक पांढरा डबा. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं. घरात किती माणसं आहेत हे अलार्मने डब्याला कळवायचं आणि डब्याने ऐकायचं, एवढंच. मी कोड दाबून आत आलो की डबा म्हणायचा, “सुदर्शन घरी आले.” वाशीमहून पुण्यात येऊन मला तीन वर्षं झाली होती. अख्ख्या विश्रांतवाडीत मला ‘आले’ म्हणणारा तो एकटाच. मेसवाला ‘आला का’ म्हणतो.

पंधरा दिवस सगळं चोख चाललं. मी गेलो की शून्य, आलो की एक. मग शेफालीचा फोन आला.

“सुदर्शन, सेकंड यूजरचा काहीच डेटा नाहीये. संडेपर्यंत कोणालातरी घरी बोलव ना. नाहीतर किट दिग्विजयकडे देते. त्यांच्याकडे सात जण आहेत.”

“बोलावतो की,” मी म्हणालो. जणू बाहेर रांगच लागली होती.

मला किट द्यायचं नव्हतं. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. गॅस, मेस, गॅस नवीन. शेवटी रविवारी दुपारी खाली घरमालकीण वेणूबाईंकडे गेलो. जिथे आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांचं कांद्याचं शेत होतं, आणि त्यांना अजूनही ते जास्त पसंत होतं.

“मावशी, जरा वर येता का? तुमच्या नावाने चार आकडे टाकून ठेवलेत, ते दारावर दाबायचे आणि आत यायचं.”

“का रं? माझीच खोली मला दाखवतोस व्हय?”

“पाहुण्या म्हणून या.”

“पाव्हण्यांना बंदी हाय. करारात लिवलंय, वाचलं न्हाईस?”

“म्हणून तर परवानगी मागायला आलोय.”

वेणूबाईंनी थोडा विचार केला, स्वतःला परवानगी दिली आणि वर आल्या.

“वेणूबाई घरी आल्या,” डबा म्हणाला.

“ह्यो कोन आनि?” त्यांनी विचारलं. मग खुर्चीवर बसून चारी भिंती निरखल्या. “खिळा मारलायस,” म्हणाल्या, कोड दाबला आणि गेल्या. भेट चार मिनिटांची.

अलार्मवर आकडा दोनाचा एक झाला. डब्यावर दोनच राहिला.

म्हणजे बग. हे लगेच कळवायला हवं होतं. डब्याला घरात माणूस दिसत असेल तर अलार्म लागत नाही. लोक कुलूप लावून गावाला जातील आणि घर उघडंच राहील. पण कळवलं की टेस्ट फेल, आणि फेल झालेलं किट ऑफिसात परत.

डब्याने दुसऱ्या माणसासाठी स्वयंपाकघरातला दिवा लावला. रिकाम्या खुर्चीवरचा पंखाही सुरू केला. मी समोर बसून राहिलो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून मॅगी केली. सवयीने एकाचीच केली, मग खाताना अवघडल्यासारखं झालं.

सात वाजता डबा म्हणाला, “सुदर्शन, वेणूबाई, शुभ संध्याकाळ.”

“शुभ संध्याकाळ,” मी म्हणालो. कोणीतरी उत्तर द्यायला हवंच होतं. मग फोन घेतला आणि शेफालीला लिहिलं: ‘मिसमॅच. अलार्म एक, डबा दोन. प्रत्यक्षात एक.’

तिचं उत्तर लगेच आलं. ‘शुअर? नीट बघून सांग.’

मी उठलो. स्वयंपाकघर पाहिलं, बाथरूम पाहिलं, दारामागे पाहिलं. खुर्चीखालीही वाकून पाहिलं.

‘शुअर,’ मी लिहिलं.

‘ग्रेट कॅच! उद्या येताना किट घेऊन ये.’

डबा बंद करायला गेलो तर पडद्यावर प्रश्न आला: ‘घरात दोन जण आहेत. तरीही बंद करायचं?’

मी ‘हो’ दाबलं. दोन्ही पंखे थांबले. माझ्यावरचा मी उठून बटणाने पुन्हा लावला.