चेहरे जुळवायची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पण माझ्यात ना कपडे आहेत, ना भांडी. माझ्या एका खणात नाकं आहेत, एकात डोळे, एकात ओठ, एकात हनुवट्या आणि सगळ्यात वरच्या खणात केसांसकट कपाळं. सगळी जाड कागदाच्या पट्ट्यांवर काढलेली. माझ्या झाकणात एक चौकट आहे. तिच्यात या पट्ट्या एकाखाली एक सरकवल्या आणि बाजूचा पितळी चाप दाबला की माणसाचा चेहरा तयार होतो. ज्याने चोर पाहिला असेल त्याला समोर बसवायचं, नाक कसं होतं, ओठ कसे होते, विचारत जायचं आणि पट्ट्या लावत जायच्या. पोलीस चौकीत मी हेच काम करत होते.

मला सुताराने उरलेल्या फळ्यांतून केलं. पट्ट्या काढल्या चौकीच्या चित्रकाराने. हा माणूस हाताचा चांगला, पण स्वभावाने भित्रा. नाकं हवीत म्हणून त्याने आधी घरच्यांना धरलं. सासऱ्यांचं नाक, शेजारच्या मास्तरांचं नाक, धाकट्या भावाची हनुवटी. गावात नदीपलीकडचेही लोक होते. रंगाने काळे, रुंद नाकाचे, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेले. त्यांच्या घरी चित्रकाराने कधी पेलाभर पाणीही घेतलं नव्हतं. मग त्यांची नाकं आणायची कुठून? त्याने तुरुंगातले फोटो मागवले आणि त्यांवरून काढली. अशी माझी गोरी नाकं आली जेवणाच्या टेबलावरून आणि काळी आली गजांआडून.

"आणि बायकांचं काय करू, साहेब?" चित्रकाराने विचारलं.

चौकीचे मोठे साहेब जाडजूड पुस्तकं वाचायचे. गुन्हा रक्तात असतो आणि जबड्यावर दिसतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. ते म्हणाले, "बायका कशाला? बाई चोरी करते ती नवऱ्याच्या सांगण्यावरून. नवऱ्याचा चेहरा बनव, बाई मागोमाग सापडते."

"तरी पण एखादी..."

"बरं बाबा, काढ चार केस आणि चार ओठ. रिकामा खण वाईट दिसतो."

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. शिपाई मला रोज तेल लावून चमकवायचे. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू मला एक गोष्ट जाणवू लागली. नदीपलीकडच्या पट्ट्या खणात पुढेच ठेवलेल्या असत, म्हणून त्याच आधी हाताला लागत. हात लागून लागून त्या मळल्या, आणि मळकी पट्टी समोर आली की पाहणाऱ्याला तीच चोराची वाटे. त्यावरून माणसं पकडली जात. पकडलेल्यांचे फोटो निघत, आणि त्या फोटोंवरून चित्रकार आणखी नाकं काढी. माझा नाकांचा खण फुगून बंद होईनासा झाला. मला ओरडावंसं वाटे. पण मित्रांनो, पेटीला झाकण असतं, तोंड नसतं.

एका संध्याकाळी घड्याळांच्या दुकानात चोरी झाली. लांब कोट घातलेलं, टोपी ओढलेलं कुणीतरी म्हाताऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यामागचं कपाट उघडून घड्याळं घेऊन पळालं. समोरच्या शिंपीकाकांनी पाहिलं. त्यांना माझ्यासमोर बसवलं.

"नाक कसं होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाकासारखं होतं."

"काका, चेष्टा नको. गोरा होता की काळा?"

"अहो, दिवेलागणीची वेळ. तेव्हा मी स्वतःसुद्धा काळाच दिसतो!"

"म्हणजे काळा," साहेब म्हणाले, आणि चित्रकाराने पुढची पट्टी ओढली. मग डोळे, मग ओठ. चाप दाबला गेला.

"असा होता?"

"असेल."

"असेल की आहे?"

"तुम्ही म्हणता तर आहे. मला घरी जाऊ द्या, पोळ्या निवतायत."

एका शिपायाने वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, "साहेब, हा तर आपला इस्त्रीवाला!"

झालं. सगळ्यांना तो ओळखीचा वाटला, आणि का नाही वाटणार? चौकीतल्या सगळ्यांच्या वर्द्यांना तोच इस्त्री करायचा. नदीपलीकडचा तोच एक माणूस ते जवळून ओळखत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा वर्द्या घेऊन आला आणि साहेबांच्या वर्दीची घडी टेबलावर ठेवत असतानाच त्याचा हात धरला गेला.

"साहेब, जपून, इस्त्री मोडेल," तो म्हणाला. त्याला वाटलं, कुणी थट्टा करतंय.

त्याची थोरली बहीण दवाखान्यात आया होती. सगळे तिला अक्का म्हणत. ती रोज कामावरून सुटली की चौकीत येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसायची. पहिल्या दिवशी ती रडली. शिपाई म्हणाले, "नाटकं बघा." दुसऱ्या दिवशी ती भांडली. शिपाई म्हणाले, "या पलीकडच्या बायकांची जीभच अशी." मग ती गप्प बसून राहू लागली. तेव्हा साहेब म्हणाले, "दगडासारखी बसलीय. हिला सगळं ठाऊक असणार." बाहेर पडायला तिच्यासाठी एकही दार नव्हतं. कोठडीतला भाऊ आणि बाकावरची ती, दोघंही आतच होते. माझ्या चौकटीत तो चेहरा चापाने घट्ट धरलेला होता, त्यामुळे मीही.

आणि एक दिवस घड्याळवाल्याची सून चौकीत आली. गोरी, नाजूक, हातात कापडी पिशवी. तिने ती टेबलावर उलटी केली. घड्याळं बाहेर पडली. काही टिकटिकत होती.

"मीच नेली," ती म्हणाली. "कोट सासऱ्यांचा होता, टोपी नवऱ्याची. घराच्या दाराची किल्लीसुद्धा मला देत नाहीत ते. ही विकून निघून जाणार होते. पण तो माणूस आत बसलाय म्हणून कळलं आणि पाय निघेना."

साहेबांनी आधी तिला खुर्ची दिली. मग पाणी मागवलं. "सूनबाई, तुमची तब्येत बरी नाही. डॉक्टरांना बोलावू का? कुणी धमकावलंय तुम्हाला? या पलीकडच्या माणसांपैकी कुणी?"

"मी चोरी केली म्हणतेय! लिहून घ्या ना!"

"घरातली बाब आहे, घरात मिटवा."

"मग बनवा माझा चेहरा त्या पेटीत. शिंपीकाकांना दाखवा."

चित्रकार घाबरत पुढे झाला. त्याने बायकांचा खण उघडला. चार केस, चार ओठ. त्याने ते खालीवर केले आणि खण परत लावला. "यात बाईचं नाक नाही," तो पुटपुटला.

बाकावरून अक्का उठली. "म्हणजे नाक होतं म्हणून माझा भाऊ आत, आणि नाक नाही म्हणून ही घरी?"

तेवढ्यात सुनेचा नवरा आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. दारातून तिने अक्काकडे वळून पाहिलं. अक्काने मान हलवली. त्या दोघींनी एकमेकींना काय सांगितलं, ते मला कळलं, पण शब्दांत सांगता येणार नाही.

घड्याळं मिळाली, म्हणून काही दिवसांनी इस्त्रीवाल्याला सोडलं. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. "संशयावरून धरलं, संशय फिटला, सोडलं," एवढंच. त्याने एकच मागितलं. "तो माझा चेहरा तेवढा मोडा, साहेब."

"बघू," साहेब म्हणाले.

पण त्याआधीच नवीन यंत्रं आली आणि मला तशीच, चाप दाबलेली, प्रशिक्षण शाळेच्या वर्गात पाठवलं. तिथे मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. चौकीतले साहेब मागे राहिले, इथे शिकवायला एक सर होते. ते शिकवायचे की गुन्हा रक्तात नसतो, वस्तीत असतो. उदाहरण म्हणून ते काठीने माझ्याकडे दाखवायचे. वस्ती कुठली, हे सांगावं लागत नसे. मग एक मॅडम आल्या. त्यांनी पोरांना विचारलं, "ही नाकं कुठून आली? बायका कुठे गेल्या? ज्यांना आपण शोधतो तेच सापडतात, मग गुन्हेगार कोण हे ठरवतं कोण?" मला वाटलं, आता सुटका. पण तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "पेटीला हात लावू नका. हा फार मोलाचा पुरावा आहे." आणि कुलूप परत लागलं.

मागच्या महिन्यात अक्का आली. काठी टेकत, धापा टाकत. मॅडमनी तिला आदराने बसवलं, चहा दिला. अक्काने काचेवर बोट ठेवलं.

"माझा भाऊ आता म्हातारा झालाय हो. केस गेले, दात गेले. अजूनही दिवेलागणीला दुकानांच्या रस्त्याने जात नाही. आणि इथे हा तरणाताठा बसलाय, चोर म्हणून. एवढा मोडा."

"आजी, याच्यावरून मुलं शिकतात. चूक कशी होते ते कळतं त्यांना."

"शिकू देत की. पण बाई, तुमची पोरं शिकेपर्यंत माझ्या भावाने असंच अडकून राहायचं?"

मॅडमनी कपाटाची किल्ली हातात घेतली, परत पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "वरून परवानगी मागते." अक्का गेली. परवानगी अजून आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका. मी तसं म्हणणार नाही. मी भरपूर जपली गेले आहे. तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन त्या वर्गात बसलं आणि मॅडमच्या हातात किल्ली दिसली, तर एवढंच करा. काच पुसू नका. कपाट उघडा आणि चाप सोडा.