मथुराबाईंचे अकरा रगडे

‘तुम्ही पाण्यात डोकावलाच नाहीत, आणि तरी लिहिलंत की डासांची पैदास आहे. तुम्ही खोटं लिहिलंत.’

हे पहिलं वाक्य मथुराबाईंनी एका दमात सांगितलं. लिहून घेणारी नात रक्षिता थांबली. पत्र आधी मराठीत, मग तीच त्याचं कन्नड करणार होती.

“आज्जी, साहेबांना ‘खोटं’ म्हणायचं?”

“मग काय म्हणू, गोड? लिही.”

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची. बंगळूरच्या चामराजपेटेत घरोघर ग्राइंडर आले होते. बटण दाबलं की इडलीचं पीठ तयार. मग मणभर वजनाचा रगडा घरात नुसती जागा अडवायचा. पण ज्या दगडानं तीन पिढ्यांचं तांदूळ-उडीद वाटलं, तो विकायचा नाही, फोडायचा नाही, रस्त्यावर तर टाकायचाच नाही. अशा वेळी बायकांना मथुराबाई आठवायच्या. दगडाला हळदकुंकू लावायचं, खळग्यात मूठभर तांदूळ टाकायचे आणि हमालाकरवी तो त्यांच्या दारी आणून ठेवायचा. असे अकरा झाले होते.

“लोक सोनं जमवतात, ही दगड जमवते,” त्यांचे यजमान रघुजी शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणायचे. बँडवाल्यांचे लाल कोट शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“सोन्यात लव्हाळा उगवतो का?” मथुराबाई विचारायच्या.

कारण त्यांचं वेड लव्हाळ्याचं. पहिला गड्डा येलहंक्याच्या तळ्याकाठून भावानं, उमाजीनं, ओल्या गोणपाटात बांधून आणला. रगड्याच्या खळग्यात तळाला तळ्याचीच चिकणमाती, तीत गड्डा, वर बोटभर जाड वाळूखडे आणि मग पाणी. पंधरा दिवसांत हिरव्या काड्या सरळ उभ्या राहिल्या. पुढे एका नर्सरीतून कुरळा लव्हाळा मिळाला. त्याच्या काड्या नुकत्या सोडलेल्या वेणीसारख्या वळत जातात. त्यातच एखादी सरळ काडी फुटते. ती दिसली की मुळापासून उपटायची, नाहीतर ती जोर धरते आणि कुरळ्यांना खाऊन टाकते. हे बाईंना कोणी शिकवलं नव्हतं. दोन गड्डे घालवून त्या शिकल्या. वाळलेल्या काड्या बुडाशी कापायच्या, गड्डा दाटला की थंडीत सुरीनं दोन भाग करायचे. रक्षितानं तर एक रोप काचेच्या बरणीत शेवाळावर लावून अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं होतं.

आणि प्रत्येक रगड्यात तीन गप्पी मासे. डासांच्या अळ्या त्यांचं जेवण. हा शहाणपणा बाईंनी आरोग्यखात्याच्याच भिंतीवरच्या चित्रातून उचलला होता.

त्याच खात्याचे इन्स्पेक्टर आले, दारात उभ्या उभ्या अकरा मोजले आणि नोटीस देऊन गेले: यांत डासांची पैदास आहे; आठ दिवसांत ही पाण्याची भांडी हटवा, नाहीतर आमची माणसं येऊन फोडतील.

फोडतील! बायकांनी हळदकुंकू लावून विश्वासानं दिलेले दगड घणानं फोडतील! बाईंना दोन घास गेले नाहीत.

म्हणून हे पत्र. पहिलं वाक्य लिहून झालं आणि मथुराबाई उठल्या. म्हणाल्या, “थांब. मीही डोकावून येते. मग पुढचं.”

पांढरा वाडगा आणि डाव घेऊन त्या एकेका रगड्यातलं पाणी काढून पाहू लागल्या. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. असे दहा. अकरावा घरातच असलेल्या रघुजींच्या दुकानाच्या उंबऱ्याशी, शिवणयंत्राला लागून होता. त्यातलं पाणी वाडग्यात ओतलं आणि वाडगा वळवळू लागला. अळ्या! मासा एकही नाही.

“अहो, मासे कुठे गेले?”

शिवणयंत्र थांबलं. रघुजी कात्री शोधू लागले. कात्री त्यांच्या हातातच होती.

“आयुधपूजेच्या दिवशी,” ते शेवटी म्हणाले, “यंत्राची आरती केली. ते हळद-चुन्याचं लाल पाणी पायदळी कसं सांडू? झाडाच्या बुडात घालायचं असतं. झाड हेच जवळ होतं.”

“आणि मासे?”

“संध्याकाळी उलटे झाले. काढून टाकले. तू ओरडशील म्हणून बोललो नाही.”

“चुन्याचं पाणी माशांना पाजलंत! आणि लव्हाळा?”

“तो बघ की, मजेत आहे.”

खरंच मजेत होता. बाईंना राग यायच्या आधी हसूच आलं. राग मागाहून आला, पण तोवर थोडा नरमला होता.

रक्षिता हळूच म्हणाली, “आज्जी, दहाचंच लिहूया. अकराव्यात ते तरी कुठे डोकावलेत?”

“मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय? आधी हा रगडा निस्तरते, मग लिहू.” दोन दिवसांनी त्यांनी पुढचं सांगितलं, “लिही: एका रगड्यात अळ्या सापडल्या. चूक आमच्या घरची. पाणी उपसलं, दगड घासला, एक दिवस मुरवलेलं पाणी भरलं, दुसऱ्या रगड्यांतले तीन मासे सोडले. बाकीच्या दहांत एकही अळी नाही. येऊन बघा.”

आठव्या दिवशी इन्स्पेक्टर आले. एकटेच, घण नव्हता. हातात पत्र होतं. गडी चक्क गुडघ्यावर बसला आणि अकराही रगड्यांत डोकावला. कुरळ्या लव्हाळ्याला बोट लावून कन्नडमध्ये म्हणाला, “अक्का, जोंडु असा वळलेला मी कधी पाहिला नव्हता.”

“घरी न्या एक गड्डा. पण सरळ काडी उपटत राहायची, सांगून ठेवते.” बाईंनी गड्डा कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवला.

“सरी अक्का, ठीक आहे. रगडे राहू द्या. नोटीस द्या, मी फाडून टाकतो.”

“फाडायची नाही. खोटं लेखी होतं, मग खरंही लेखी पाहिजे. आणि दारापुढचं ते गटार? सहा महिने तुंबलंय. त्यात अळ्यांची जत्रा भरलीय. त्याला नोटीस कोण देणार?”

“गटार आमच्या खात्यात येत नाही.”

नोटिशीवरच ‘रद्द’ असं लिहून, सही करून इन्स्पेक्टर गेले. मथुराबाई अकराव्या रगड्याशी पाट टाकून बसल्या. नव्या घरात मासे रुळले होते, काड्यांमधून फिरत होते. आत यंत्र पुन्हा खडखडू लागलं होतं. सगळे दगड अभंग होते. बाईंना बरं वाटत होतं, अगदी पोटभर जेवल्यासारखं.

“रक्षिता, पेन आण. दुसरं पत्र.”

“आता काय राहिलं, आज्जी? जिंकलीस की.”

“लिही. ‘साहेब, माझ्या रगड्यात डोकावणं तुमच्या खात्यात येतं, हे कळलं. गटारात डोकावणं कोणाच्या खात्यात येतं? नाव लिहून कळवा. आठ दिवसांत. तुम्ही मला तेवढेच दिले होते.’”